घरगुती क्रिप्टो मायनिंग : मदरबोर्ड निवडताना कोणती काळजी घ्यावी?

आभासी चलनाच्या निर्मितीसाठी घरच्या घरी संगणक-संच उभारण्याचे आकर्षण अद्याप पूर्णपणे ओसरलेले नाही. २०२२ नंतर या व्यवसायाचे अर्थकारण आमूलाग्र बदलले आणि मायनिंगसाठी खास तयार केलेले मदरबोर्ड जुन्या वस्तूंच्या बाजारात मोठ्या प्रमाणावर दाखल झाले. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळुरूचा एस. पी. रोड आणि चेन्नईची रिची स्ट्रीट या बाजारपेठांत जुन्या संगणकीय भागांची मोठी उलाढाल होते. स्वस्तात मिळणारा मदरबोर्ड पाहून खरेदीचा निर्णय घेण्यापूर्वी काही तांत्रिक व आर्थिक बाबी समजून घेणे आवश्यक आहे.

मायनिंग म्हणजे काय?

बिटकॉइनसारख्या चलनांतील व्यवहारांची नोंद एका सामायिक खातेवहीत होते. नोंदींचा पुढील गट जोडण्यासाठी संगणकांना एक गणिती कोडे सोडवावे लागते. उत्तर शोधण्याचा कोणताही जवळचा मार्ग नसल्याने अब्जावधी वेळा प्रयत्न करीत राहणे, एवढाच उपाय असतो. ज्याला प्रथम उत्तर सापडते, त्याला नव्या नाण्यांच्या स्वरूपात मोबदला मिळतो. या प्रक्रियेस मायनिंग असे म्हटले जाते.

मदरबोर्डची निवड कोणत्या चलनाचे मायनिंग करावयाचे यावर अवलंबून असते. जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइन सुरू झाले, तेव्हा साध्या संगणकाचा प्रोसेसर या कामासाठी पुरेसा होता. पुढे ग्राफिक्स कार्डांचा वापर होऊ लागला आणि २०१३ पासून केवळ याच कामासाठी बनविलेली ‘एसिक’ यंत्रे आली. या यंत्रांत स्वतःचा नियंत्रण-फलक असतो; त्यांना वेगळा मदरबोर्ड लागत नाही. त्यामुळे बिटकॉइनसाठी मदरबोर्ड खरेदी करण्याचा सल्ला कोणी देत असल्यास तो स्वीकारू नये.

ग्राफिक्स कार्डांवरील मायनिंगचा सर्वांत मोठा आधार इथेरियम हे चलन होते. मात्र १५ सप्टेंबर २०२२ रोजी ‘मर्ज’ नावाच्या बदलाद्वारे इथेरियमने मायनिंगची पद्धत कायमची बंद केली. इथेरियम क्लासिक, रेव्हनकॉइन यांसारख्या चलनांसाठी ग्राफिक्स कार्डे वापरता येतात. परंतु त्यांचे एकूण मूल्य इथेरियमच्या तुलनेत अत्यल्प आहे. मोनेरो हे चलन नोव्हेंबर २०१९ पासून ‘रँडमएक्स’ पद्धतीवर चालते. ही पद्धत साध्या प्रोसेसरला अनुकूल अशा रीतीने आखलेली आहे.

स्लॉटची संख्या

ग्राफिक्स कार्डांच्या संचासाठी मदरबोर्डवरील पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटची संख्या हा पहिला निकष ठरतो. प्रमाणित एटीएक्स आकाराच्या मदरबोर्डवर जास्तीत जास्त सात स्लॉट बसतात. ही मर्यादा ओलांडण्यासाठी २०१७ मध्ये काही कंपन्यांनी खास मदरबोर्ड बाजारात आणले. एएसरॉकच्या ‘एच११० प्रो बीटीसी प्लस’वर १३, तर आसुसच्या ‘बी२५० मायनिंग एक्स्पर्ट’वर १९ स्लॉट होते. बायोस्टार कंपनीनेही १२ स्लॉटचा मदरबोर्ड विक्रीस आणला होता.

या मदरबोर्डवरील बहुतांश स्लॉट एका मार्गिकेचे असतात. खेळ किंवा चित्रफीत-संपादनासाठी १६ मार्गिकांचा स्लॉट उपयुक्त असला, तरी मायनिंगमध्ये बहुतेक गणना कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत होते आणि मदरबोर्डशी होणारी माहितीची देवाणघेवाण अगदी थोडी असते. पहिल्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसची एक मार्गिका सेकंदाला सुमारे २५० मेगाबाइट माहिती वाहून नेते. एवढी क्षमता या कामास पुरेशी आहे.

सर्वसाधारण मदरबोर्ड घेणार असल्यास त्याची माहितीपुस्तिका अवश्य वाचावी. अनेक मदरबोर्डवर मार्गिका सामायिक असतात. एम.२ प्रकारची साठवण बसविताच एखादा स्लॉट बंद पडतो, किंवा दोन स्लॉटपैकी एकच कार्यरत राहतो. डोळ्यांना दिसणाऱ्या स्लॉटची संख्या आणि प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या स्लॉटची संख्या यांत त्यामुळे फरक पडू शकतो.

सहा कार्डांहून मोठा संच घरात उभारण्याचा विचार नसेल, तर १९ स्लॉटच्या मदरबोर्डसाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही. सहा स्लॉटचा सर्वसाधारण मदरबोर्ड मायनिंग थांबविल्यानंतर घरातील किंवा कार्यालयातील संगणकासाठी वापरता येतो. खास मायनिंगसाठीच्या मदरबोर्डचा असा उपयोग मर्यादित असतो.

बायोसमधील सुविधा

चारपेक्षा अधिक कार्डे जोडताना अनेकदा संगणक सुरूच होत नाही. ‘अबव्ह फोर जी डीकोडिंग’ ही सुविधा बंद असणे, हे त्यामागील एक सामान्य कारण आहे. प्रत्येक कार्ड संगणकाच्या पत्ता-क्षेत्रातील काही भाग मागते. पहिल्या चार गिगाबाइटच्या क्षेत्रात सर्व कार्डांना जागा मिळत नाही आणि ही सुविधा त्यापलीकडील क्षेत्र खुले करते. खरेदीपूर्वी ती मदरबोर्डच्या बायोसमध्ये उपलब्ध आहे याची खात्री करून घ्यावी.

स्लॉटचा वेग पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीवर निश्चित करण्याची सोयही उपयोगी पडते. लांब तारांमुळे निर्माण होणाऱ्या अडचणी त्यामुळे कमी होतात. वीज खंडित होऊन परत आल्यावर संगणक आपोआप सुरू व्हावा, असा पर्यायही बायोसमध्ये असावा. भारनियमन असलेल्या भागांत तो विशेष महत्त्वाचा आहे.

प्रोसेसर आणि मेमरी

ग्राफिक्स कार्डांच्या संचात प्रोसेसरचे काम किरकोळ असल्याने सेलेरॉन किंवा पेंटियम श्रेणीतील स्वस्त प्रोसेसर चालतो. मात्र जुना मदरबोर्ड घेताना एक गल्लत टाळावी. एच११० आणि बी२५० या चिपसेटचे मदरबोर्ड इंटेलच्या सहाव्या व सातव्या पिढीच्या प्रोसेसरसाठी आहेत. आठव्या व नवव्या पिढीच्या प्रोसेसरच्या सॉकेटचे नावही ‘एलजीए ११५१’ असेच आहे. ते या मदरबोर्डवर बसतात, परंतु कंपनीच्या अधिकृत व्यवस्थेत चालत नाहीत.

मोनेरोसाठी निकष वेगळे आहेत. तेथे स्लॉटची संख्या गौण ठरते. प्रोसेसर दिवसरात्र पूर्ण क्षमतेने चालत असल्याने त्याला वीज पुरविणाऱ्या भागावर पुरेसे मोठे उष्णताशोषक असणे गरजेचे आहे. रँडमएक्स पद्धत दोन गिगाबाइटहून अधिक मेमरी सातत्याने वापरते. म्हणून दोन मेमरी-पट्ट्या जोडीने लावता येतील असा मदरबोर्ड निवडावा.

विजेची सुरक्षितता

या विषयातील सर्वाधिक दुर्लक्षित आणि सर्वाधिक धोकादायक बाब विजेची आहे. कार्डे मदरबोर्डपासून दूर ठेवण्यासाठी रायझर नावाचा जोडभाग वापरला जातो. त्याची तार यूएसबीच्या तारेसारखी दिसत असली, तरी तिच्यातून पीसीआय एक्स्प्रेसचेच संकेत जातात आणि रायझरला वीज स्वतंत्रपणे द्यावी लागते.

मोठे ग्राफिक्स कार्ड स्लॉटमधून ७५ वॅटपर्यंत वीज घेऊ शकते. साटा प्रकारच्या जोडणीची १२ व्होल्टवरील क्षमता मात्र सुमारे ५४ वॅट आहे. स्वस्त रायझरसोबत अनेकदा साटा जोडणीचीच तार दिली जाते. ती अनेक तास वापरल्यास जोडणी तापून वितळण्याचा आणि आग लागण्याचा धोका संभवतो. एसएमपीएसमधून थेट येणारी सहा पिनांची जोडणी असलेले रायझरच वापरावेत. मदरबोर्डवर थेट कार्डे बसविणार असल्यास त्यावर अतिरिक्त वीजजोडणीची सोय आहे काय, हे पाहावे.

घरातील वायरिंगची तपासणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी. योग्य अर्थिंग आणि १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट असल्याखेरीज संच सुरू करू नये. झोपण्याच्या खोलीत किंवा बंद माळ्यावर तो ठेवू नये. किनारपट्टीच्या दमट व खाऱ्या हवेत मदरबोर्डवरील धातूचे भाग गंजतात. तेथे नियमित साफसफाईची गरज अधिक असते.

जुना मदरबोर्ड घेताना

विक्रेत्याने संगणक सुरू करून दाखविणे पुरेसे नाही. प्रत्येक स्लॉटमध्ये कार्ड लावून ते ओळखले जाते काय, हे तपासावे. सॉकेटमधील पिना वाकलेल्या नाहीत, धारित्रे फुगलेली नाहीत आणि वीजजोडणीच्या जागी काळसर डाग नाहीत, याची खात्री करावी. देयक लेखी घ्यावे आणि वस्तू परत करण्याची मुदत त्यावर नमूद करून घ्यावी.

हिशेब काय सांगतो?

एक उदाहरण पाहू. प्रत्येकी १२० वॅट घेणारी सहा कार्डे आणि इतर भागांसाठी ८० वॅट, अशी एकूण गरज ८०० वॅट धरली आणि एसएमपीएसची कार्यक्षमता ९० टक्के मानली, तर भिंतीवरील पॉइंटमधून सुमारे ८९० वॅट वीज घेतली जाईल. तीस दिवस अखंड चालल्यास हा वापर सुमारे ६४० युनिट होतो. प्रति युनिट १० रुपये दर धरल्यास मासिक खर्च ६,४०० रुपये येईल. अनेक राज्यांत घरगुती वापर वाढताच दराचा टप्पाही वाढतो. घरगुती जोडणीवर असा वापर करता येईल काय, हे वीज वितरण कंपनीला आधीच विचारणे श्रेयस्कर ठरेल.

आता कराचा विचार करू. २०२२ च्या अर्थसंकल्पानुसार आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणातून होणाऱ्या उत्पन्नावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर लागू झाला. १ जुलै २०२२ पासून व्यवहाराच्या वेळी एक टक्का करकपातही सुरू झाली. संपादनाच्या किमतीखेरीज कोणताही खर्च उत्पन्नातून वजा करता येत नाही, आणि मायनिंगच्या यंत्रणेवरील खर्च ही संपादनाची किंमत मानली जाणार नाही, असे केंद्र सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत स्पष्ट केले.

याचा अर्थ असा की, वरील संचातून महिन्याला ७,००० रुपयांची नाणी मिळून ती विकली गेली आणि त्यांची संपादन-किंमत शून्य धरली, तर उपकर वगळता २,१०० रुपये कर द्यावा लागेल. हातात ४,९०० रुपये उरतील आणि विजेचे देयक ६,४०० रुपयांचे असेल. वरकरणी ६०० रुपयांचा नफा दिसत असताना प्रत्यक्षात १,५०० रुपयांचा तोटा होईल. मदरबोर्ड, कार्डे आणि एसएमपीएस यांची किंमत या हिशेबात धरलेलीही नाही.

म्हणूनच मदरबोर्डची किंमत विचारण्यापूर्वी आपल्या वीजदराने आणि करासह हा हिशेब कागदावर मांडावा. शिक्षण किंवा प्रयोग हा हेतू असेल, तर एक-दोन कार्डे चालविणारा सर्वसाधारण मदरबोर्ड पुरेसा आहे. उत्पन्नाच्या अपेक्षेने कर्ज काढून किंवा कुटुंबाची बचत मोडून मोठा संच उभारू नये.