मटारमंडळ

२००९ साली ब्रिटनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात कॅरोलिन कार्डामोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध छापून आला. विषय होता दीर्घिकांच्या एका नव्या वर्गाचा. या दीर्घिका आकाराने चिमुकल्या, छायाचित्रात हिरव्यागार दिसणाऱ्या आणि स्वतःच्या वस्तुमानाच्या मानाने प्रचंड वेगाने नवे तारे घडवणाऱ्या होत्या. खगोलशास्त्रात त्यांचं नाव आजही ‘ग्रीन पीज’, म्हणजे हिरवे मटार, असंच आहे. निबंधाच्या ऋणनिर्देशात दहा हौशी स्वयंसेवकांची नावं आहेत. हा गट स्वतःला ‘पीज कोअर’ म्हणवत असे. अमेरिकेच्या ‘पीस कोअर’ या स्वयंसेवक संस्थेच्या नावावर केलेली ती कोटी. आपण त्यांना मटारमंडळ म्हणू. ‘गॅलेक्सी झू’ या उपक्रमात घरबसल्या दीर्घिकांची छायाचित्रं पाहणारी ही माणसं. अशा उपक्रमांतल्या जुन्या सदस्यांचा एकमेकांवरचा जीव आणि सुरुवातीच्या दिवसांबद्दल त्यांना वाटणारी ओढ ही विज्ञानाच्या कडेला उगवलेली हळवी गोष्ट आहे, असं सहसा मानलं जातं. मला ते पटत नाही. हा स्नेह आणि ही आठवण संशोधनाच्या यंत्रणेचाच एक कामाचा भाग आहे, आणि तसं दाखवणारा पुरावा आता भरपूर आहे.

गॅलेक्सी झूची सुरुवात गरजेतून झाली. ‘स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे’ने न्यू मेक्सिकोतल्या दुर्बिणीतून सुमारे नऊ लाख दीर्घिकांची छायाचित्रं जमवली होती. त्यांतल्या सर्पिल कोणत्या आणि लंबवर्तुळाकार कोणत्या हे त्या काळच्या संगणकाला धड ओळखता येत नव्हतं. ऑक्सफर्डमध्ये पीएच.डी. करणाऱ्या केविन शविन्स्की यांनी आठवडाभर ठाण मांडून एकट्याने ५० हजार दीर्घिका तपासल्या. उरलेल्या लाखो दीर्घिकांचं काय, या विवंचनेतून त्यांनी आणि ख्रिस लिंटॉट यांनी ११ जुलै २००७ रोजी ती छायाचित्रं लोकांपुढे ठेवली. दिवस उलटायच्या आत तासाला ७० हजार वर्गीकरणं होऊ लागली. पहिल्या वर्षात सुमारे दीड लाख लोकांनी पाच कोटींहून अधिक वर्गीकरणं केली. हे आकडे वारंवार सांगितले जातात आणि ते थक्क करणारे आहेतच. पण त्यांतून चित्र उभं राहतं ते गर्दीचं. गर्दीने मोजदाद केली; मटार मात्र तिच्या हाती लागले नाहीत.

ते कसे सापडले हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. स्वयंसेवकासमोर येणारं चित्र म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवरचा एक धूसर पुंजका आणि त्याखाली नेमके प्रश्न: सर्पिल की लंबवर्तुळाकार, सर्पिल असेल तर फिरण्याची दिशा कोणती. ‘हे हिरवं का दिसतंय?’ असा पर्याय तिथे नव्हता. अशी चित्रं काहींनी बाजूला काढून एकमेकांना दाखवायला सुरुवात केली ती निव्वळ गंमत म्हणून. जॉन लेनन यांच्या शांतिगीताच्या नावावर कोटी करून ‘मटारला एक संधी द्या’ अशा अर्थाचं शीर्षक त्या संग्रहाला मिळालं. २००७च्या जुलै-ऑगस्टमध्ये सुरू झालेली ही थट्टा डिसेंबरपर्यंत गंभीर झाली. काही सदस्य प्रत्येक हिरव्या ठिपक्याचा वर्णपट उघडून पाहायला शिकले. त्यांच्या लक्षात आलं की, अनेक ठिपक्यांच्या वर्णपटात एकच रेषा सुळक्यासारखी वर आलेली आहे. ती होती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची. या रेषेची मूळ तरंगलांबी साधारण ५०० नॅनोमीटर. विश्वाच्या प्रसरणामुळे ती ताणली जाते आणि दीड ते पाच अब्ज प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकांच्या बाबतीत नेमकी त्या पट्ट्यात येऊन पडते, जो स्लोनच्या रंगीत चित्रांत हिरव्याने दाखवला जातो. म्हणजे हिरवेपणाचं कारण छायाचित्रणाच्या पद्धतीत होतं, पण त्यामागचा प्रखर ऑक्सिजन खरा होता. आपल्याच दीर्घिकेतले हिरवट तारे आणि इतर भलतेसलते ठिपके वगळून खरे मटार निवडण्याचे निकष ठरवण्यात या मंडळींनी मोठा हातभार लावला आणि मगच व्यावसायिक संशोधकांनी विषय हाती घेतला. पुढे २०१६ साली युरी इझोटोव आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीने दाखवून दिलं की, अशा एका दीर्घिकेतून हायड्रोजनचं आयनीभवन करणारा अतिनील प्रकाश बाहेर निसटतो. आद्य विश्वातलं हायड्रोजनचं धुकं कोणी विरवलं असेल, या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. जेम्स वेब दुर्बिणीच्या पहिल्या खोल छायाचित्रातल्या काही अतिदूरच्या दीर्घिकांचे वर्णपटही मटारांशी मिळतेजुळते निघाले.

या सगळ्यात मैत्रीने नेमकं काय केलं? तिने वेळ पुरवला. जुलै ते डिसेंबर इतका काळ, बक्षीस नाही, आदेश नाही, उपयोगाची खात्रीही नाही, तरी माणसं एका निरर्थक वाटणाऱ्या संग्रहात भर घालत राहिली, कारण उद्या तो संग्रह पाहायला ओळखीची माणसं येणार होती. अनुदान मागणाऱ्या कोणत्याही प्रस्तावात ‘हिरवे ठिपके जमवू, पुढचं पुढे’ असं लिहिता येत नाही. थट्टेला ती मुभा असते.

यावर सर्वांत भक्कम आक्षेप संख्याशास्त्राचा आहे. अनेकांच्या मतांची सरासरी विश्वासार्ह ठरते ती प्रत्येकाने स्वतंत्रपणे मत दिलं तरच. मित्र एकमेकांच्या मताला भुलतात, जुन्या सदस्याचा शब्द नव्याला मोडवत नाही, आणि मग अडतीस मतांची किंमत एका मताएवढीच उरते. हा आक्षेप खोटा नाही. गॅलेक्सी झूमध्ये प्रत्येक दीर्घिका सरासरी ३८ वेळा तपासली गेली ती याच तत्त्वावर. माणसाची नजर कशी फसते हेही तिथेच दिसलं: घड्याळाच्या उलट दिशेने फिरणाऱ्या सर्पिल दीर्घिका किंचित जास्त भरल्या, तेव्हा काही चित्रं आरशातल्या प्रतिमेसारखी उलटवून पुन्हा दाखवण्यात आली आणि झुकाव विश्वात नसून बघणाऱ्यात आहे असं निष्पन्न झालं. पण या आक्षेपाचं उत्तर उपक्रमाच्या रचनेतच होतं. मत देताना माणूस एकटा असे. दुसऱ्या कोणी काय म्हटलं हे त्याला दिसत नसे. बोलणं सुरू होई ते मत नोंदवून झाल्यावर. मोजणीला एकांत लागतो आणि नवलाला सोबत लागते. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या खोल्यांत ठेवल्या तर एकीने दुसरीचं नुकसान होत नाही.

दुसरा आक्षेप स्वयंसेवकांच्याच तोंडचा आहे. जॉर्डन रॅडिक आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे ११ हजार स्वयंसेवकांना सहभागाचं मुख्य कारण विचारलं होतं. जवळजवळ ४० टक्क्यांनी सांगितलं की, खऱ्याखुऱ्या संशोधनाला हातभार लावायचा आहे. माणसं भेटतात म्हणून येतो, असं फारच थोडे म्हणाले. मग सौहार्दाचं एवढं कौतुक कशाला? मला वाटतं, या पाहणीचा अर्थ लावताना दोन प्रश्नांची गल्लत होते. माणूस दारात का येतो हा एक प्रश्न, आणि तो टिकून का राहतो हा दुसरा. हेन्री साउअरमान आणि कियारा फ्रांझोनी यांनी २०१५ साली अशाच सात उपक्रमांच्या पहिल्या १८० दिवसांचा हिशेब मांडला. बहुतेक लोक एकदाच डोकावून गेले होते आणि सरासरी ७९ टक्के काम सर्वाधिक काम करणाऱ्या दहा टक्क्यांनी केलं होतं. हे दहा टक्के म्हणजे सगळे जिवलग दोस्त, असा निष्कर्ष यातून निघत नाही, आणि सहा महिन्यांच्या आकड्यांवरून वर्षानुवर्षांच्या निष्ठेबद्दल बोलताही येणार नाही. पण एवढं नक्की की, हे विज्ञान पुन्हा पुन्हा येणाऱ्यांच्या खांद्यावर उभं आहे. पहिल्या दिवशीच्या उदात्त हेतूवर ही माणसं पाच-दहा वर्षं तग धरतात, असं मानणं मला कठीण जातं.

आता आठवणींकडे येतो, कारण जुन्या सदस्यांच्या ‘तेव्हाचे दिवस’ या सुराला सर्वांत जास्त नाकं मुरडली जातात. २००७च्या ऑगस्टमध्ये हानी फान आर्केल या डच शिक्षिकेला आयसी २४९७ या दीर्घिकेखाली एक निळसर डाग दिसला आणि हे काय आहे असं तिने विचारलं. विल्यम कील यांच्यासारख्या खगोलशास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासातून पुढे आलं की, तो दीर्घिकेच्या आकाराचा वायूचा ढग आहे आणि शेजारच्या, आता मंदावलेल्या क्वासारच्या, म्हणजे प्रखर दीर्घिका-केंद्राच्या, जुन्या प्रकाशाने तो उजळलेला आहे. जुने सदस्य ही गोष्ट नव्यांना सांगत राहिले. त्या सांगण्याचा परिणाम म्हणजे तसले आणखी ढग शोधण्याची मोहीम; स्वयंसेवकांच्या मदतीने तिच्यातून १९ ढगांची यादी २०१२ साली प्रसिद्ध झाली. आठवणीचं मोल त्याहून स्पष्ट दिसलं ते हबलच्या बाबतीत. मोठ्या निरीक्षणांच्या मधल्या रिकाम्या मिनिटांत काय पाहायचं, असा प्रस्ताव मागवला गेला, तेव्हा कील यांनी गॅलेक्सी झूमध्ये वर्षानुवर्षं साठलेल्या विचित्र दीर्घिकांची यादी पुढे केली. कोणत्या निवडायच्या यासाठी सुमारे १८ हजार मतं पडली आणि जवळपास ३०० लक्ष्यं ठरली. ‘ते मागे एकदा दिसलं होतं, आठवतंय?’ असं म्हणणारी माणसं आणि त्यांनी जपलेल्या नोंदी नसत्या, तर ही यादी कोणी केली असती?

याचा एक धागा आपल्या पुणे जिल्ह्यातही येतो. नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या नोंदींतून नवल शोधण्यासाठी आनंद होता यांनी २०१३ साली ‘रॅड ॲट होम’ हा नागरिक-विज्ञान उपक्रम सुरू केला. होता मुंबईच्या कालिना इथल्या मूलभूत विज्ञान केंद्रात काम करतात. पाश्चात्त्य उपक्रमांपेक्षा यांची रीत वेगळी. इथे आधी शिकवणी होते, रेडिओ, अवरक्त आणि दृश्य प्रकाशातली चित्रं एकमेकांवर ठेवून वाचायची सवय लावली जाते, आणि मग शोध. त्यांना ‘आरएडी १२’ ही विलक्षण दीर्घिका २०१३ सालीच दिसली होती. शेजारच्या दीर्घिकेवर ती एकाच बाजूने रेडिओ-लहरींचा प्रचंड बुडबुडा सोडते. जीएमआरटीने ती नीट पाहून निबंध प्रसिद्ध व्हायला २०२२ साल उजाडलं. नऊ वर्षं! विद्यार्थी एवढ्या अवधीत शिकून, नोकरीला लागून, गाव सोडून जातो. मधली वर्षं एखादी वस्तू ध्यानात राहते ती गट टिकला तरच.

तरीही स्मरणरंजनात खरा धोका आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. जुनी मंडळी शोध आठवतात. हजारो कंटाळवाणे पुंजके विसरतात. सुरुवातीच्या वर्षांत सोपी नवलं आधीच वेचली गेली, हे लक्षात न घेता ‘आता पूर्वीसारखं राहिलं नाही’ म्हणणं अन्याय्य आहे. शिवाय जुन्या विनोदांची भिंत होते आणि नवा माणूस बाहेरच उभा राहतो. हे टाळण्याचा मार्ग मला मटारमंडळातच दिसतो. त्यांचा विनोद एका संग्रहाशी बांधलेला होता, आणि त्या संग्रहात नवा सदस्य पहिल्याच दिवशी भर घालू शकत होता. ज्या आठवणीला कामाचं दार आहे ती नव्याला आत घेते. निव्वळ मोठेपणा मिरवणारी आठवण त्याला बाहेर ठेवते.

शेवटचा आक्षेप यंत्रांचा. माइक वॉल्मस्ली आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांच्या उत्तरांवर शिकवलेल्या संगणक-प्रणालीने २०२३ साली ८७ लाख दीर्घिकांचे आकार सांगितले. मग माणसं कशाला? माझ्या मते याने बाजू उलट बळकट होते. मोजण्याचं काम यंत्राने घेतलं, म्हणजे माणसाकडे उरलं ते ‘हे वेगळं आहे’ असं म्हणण्याचं काम, आणि वेगळं ओळखायला नेहमीचं काय ते वर्षानुवर्षं पाहिलेलं असावं लागतं. यंत्रालाही विचित्र गोष्टी वेगळ्या काढायला शिकवता येतं. पण त्यांतली कोणती पाठपुरावा करण्याजोगी, यावर वाद घालायला माणसंच लागतात. २०२५ साली ‘रॅड ॲट होम’च्या मंडळींनी युरोपातल्या लोफार दुर्बिणीच्या नोंदींत जुळ्या कड्यांचं एक रेडिओ-वर्तुळ शोधलं, तेही डोळ्यांनी.

म्हणून असे उपक्रम चालवणाऱ्या आणि त्यांना पैसा देणाऱ्या संस्थांना एक मागणं आहे. उपक्रम संपतो किंवा त्याचं रूप बदलतं, तेव्हा आकड्यांची सारणी जपली जाते आणि माणसांचं बोलणं सर्व्हरवरून पुसलं जातं. तसं करू नका. ते बोलणं तारखांसकट, फाजील विनोदांसकट जपा, त्याच्या जागेचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या वर्षीच धरा आणि जुन्या सदस्यांची नावं शोधनिबंधात लिहा. आणि वाचकहो, गॅलेक्सी झूचं दार अजून उघडं आहे. तिथे दीर्घिका पाहायला पदवी लागत नाही.