अडकित्ते जपणारा कवी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तलवारी, तोफा आणि सनदा येतात. सुपारी कातरायचा अडकित्ता काही येत नाही. त्याला इतिहासात मानाने आणून बसवले ते पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी.

केळकरांचा जन्म १८९६ चा. घरचा व्यवसाय चष्म्यांचा आणि मनाचा ओढा कवितेकडे. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा नाद लागला आणि तो १९९० मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत सुटला नाही.

या नादाचे मोल कळायला मोडीचा व्यवहार आठवावा. जुने पितळ तराजूत पडते, वजनाचे पैसे हातात येतात. त्यावर घडवलेल्या मोराचे पैसे कुणी वेगळे मोजत नाही. भट्टीत समई वितळली की तिच्याबरोबर ती घडवणाऱ्या कासाराची नजरही गेली. वाडा पडला की कोरीव दरवाज्याचे सरपण होते. केळकरांची शर्यत या भट्टीशी आणि चुलीशी होती.

त्यांनी काय जमवले? लामणदिवे, दौती, फण्या, पानाचे डबे, वाद्ये, दरवाजे. आणि वज्री! वज्री म्हणजे अंघोळीच्या वेळी टाच घासायची वस्तू. तिची खालची बाजू खरखरीत हवी, एवढेच कामापुरते खरे. पण कारागिराने वर मोर बसवला, कुठे आत खडे घालून ती वाजती केली. टाच घासताना कोण बघणार होते? घरातली बाईच. तिच्यासाठी एवढे कष्ट घेतलेले पाहिले, की जुन्या घरांविषयी आपण जे सरसकट बोलतो ते जरा थांबून बोलावेसे वाटते. माझ्या मते एखाद्या बखरीपेक्षा ही वज्री अधिक सांगते.

या उद्योगात पत्नी कमलाबाईंची साथ होती. त्यांचा मुलगा राजा बालपणीच गेला. शुक्रवार पेठेतल्या संग्रहालयाला त्याचेच नाव आहे. पाटीवरचे 'राजा' वाचून पुष्कळांना ही केळकरांची पदवी वाटते, म्हणून मुद्दाम सांगितले. वीस हजारांवर वस्तूंचा हा संग्रह केळकरांनी विकला नाही. महाराष्ट्र शासनाच्या, म्हणजे आपल्याच, स्वाधीन केला.

कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी आणून इथे पुन्हा उभे केले. पाहुणे आधी तिकडेच धावतात, आणि ते साहजिकच आहे. जागेअभावी संग्रहातला थोडाच भाग मांडलेला असतो. तेव्हा जाल तर महाल पाहून लगेच परतू नका. वज्रींच्या कपाटापाशी थांबा आणि सोबत आजी असेल तर तिला आधी बोलू द्या.