पूरक आहारातील भाज्या व मोड आलेली कडधान्ये

आईच्या दुधाच्या जोडीने बाळाला दिल्या जाणाऱ्या अन्नास पूरक आहार असे म्हणतात. बोलीभाषेत त्याला 'वरचे अन्न' म्हटले जाते. शिजवलेल्या भाज्या व मोड आलेली कडधान्ये हे या आहाराचे महत्त्वाचे घटक होत. मोड आल्याने कडधान्यांचे पोषणमूल्य वाढते. परंतु मोड येण्यास लागणारी ऊब व ओलावा रोगजंतूंनाही पोषक असतो. म्हणून बाळाला ती पूर्ण शिजवूनच दिली जातात.

प्रारंभ

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिले ६ महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे. त्यानंतर पूरक आहार सुरू करून २ वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही स्तनपान चालू ठेवावे. जन्मतः शरीरात असलेला लोहाचा साठा साधारणतः सहाव्या महिन्यापर्यंत घटतो व केवळ दुधातून लोहाची गरज भागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९–२१) नुसार भारतातील ६ ते ५९ महिने वयाच्या ६७.१ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात बाळाला प्रथम अन्न भरवण्याच्या विधीस 'उष्टावण' म्हणतात.

भाज्या

लाल भोपळा, गाजर, रताळे, दुधी यांसारख्या भाज्या धुऊन, सोलून, वाफवून मऊ कुस्करल्या जातात. पहिल्या वर्षात त्यांत मीठ वा साखर घालत नाहीत. आरंभी २-३ चमचे पुरतात. नवा पदार्थ एका वेळी एकच दिल्यास तो न मानवल्याचे लगेच कळते. पालक व बीट यांत नायट्रेट अधिक असते. शिजवलेली भाजी बराच वेळ बाहेर राहिल्यास जंतूंमुळे त्याचे नायट्राइट बनते व ते रक्ताच्या प्राणवायू वाहून नेण्याच्या क्षमतेस बाधक ठरते. त्यामुळे या भाज्या ताज्याच द्याव्यात.

मोड आलेली कडधान्ये

मूग, मटकी भिजवून मोड आणल्यावर त्यांतील फायटेट कमी होते आणि लोह व जस्त शरीरात अधिक शोषले जाते. शिजवताना 'क' जीवनसत्त्व काही अंशी नष्ट होते, परंतु फायटेट कमी झाल्याचा लाभ टिकून राहतो.

कच्च्या मोडांत साल्मोनेला व ई. कोलाय हे जंतू वाढू शकतात. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांशी संबंधित ई. कोलायच्या साथीत ५० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. मोड वरवर धुतल्याने हे जंतू पूर्णपणे जात नाहीत. त्यामुळे मोड आलेली कडधान्ये कुकरमध्ये मऊ शिजवून, कुस्करून व साले काढण्यासाठी चाळणीतून गाळून देतात. उसळ करावयाची असल्यास बाळाचा वाटा फोडणी, तिखट व मीठ घालण्यापूर्वीच काढता येतो.

महाराष्ट्रातील नाचणीचे सत्त्वही याच तत्त्वावर आधारित आहे. मोड आणलेली नाचणी वाळवून दळतात. मोड येताना तयार झालेल्या विकरांमुळे पिष्टाचे विघटन होते. त्यामुळे खीर फारशी घट्ट होत नाही व थोड्या खिरीतून अधिक ऊर्जा मिळते. हे सत्त्वही शिजवूनच देतात.

खबरदारी

अख्खे वाटाणे, अख्खे हरभरे व कच्च्या गाजराचे तुकडे घशात अडकू शकतात. बाळाला बसवून, कोणीतरी जवळ राहूनच भरवावे. शिजवलेले अन्न २ तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये व बाळाचे उष्टे अन्न पुन्हा वापरू नये. अन्न दिल्यावर ओठ सुजणे, अंगावर पित्त उठणे किंवा श्वासास त्रास होणे ही ॲलर्जीची लक्षणे असू शकतात. अशा वेळी तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.