हरणाच्या नावाचा मनोरा

राजे-महाराजांच्या समाध्या तुम्ही पाहिल्या असतील. पण एका बादशहाने चक्क काळविटाच्या कबरीपाशी मनोरा उभारला, हे ऐकलं आहे का? आणि तोही स्वतःच्या शिकारीच्या जागी!

ही जागा आज पाकिस्तानात आहे. लाहोरपासून सुमारे ४० किलोमीटरवर शेखूपुरा नावाचं शहर आहे. मोगल बादशहा जहांगीरला लहानपणी लाडाने 'शेखू' म्हणत, त्यावरून हे नाव पडलं. इथल्या माळावर त्याची शिकारगाह होती. तिथे एकदा एक रानटी काळवीट पकडलं गेलं. महिन्याभरात ते माणसाळलं. त्याचं नाव ठेवलं मनसराज.

मनसराज मोठा हुशार, बरं का! त्या काळी पाळीव काळविटाच्या शिंगांना जाळं बांधून त्याला रानात सोडत. रानातला काळवीट झुंजायला धावून आला, की त्याची शिंगं जाळ्यात अडकत. या कामात मनसराजचा हात धरणारं कोणी नव्हतं. तो मेला तेव्हा बादशहाला फार वाईट वाटलं. त्याने १६०६ च्या सुमारास कबरीपाशी मनोरा बांधवला, कबरीवर हरणाच्या आकाराचा दगड बसवला आणि हुकूम काढला, 'या माळावर कोणीही हरणाची शिकार करू नये!'

हाच तो हिरण मिनार. गोल, वर निमुळता होत गेलेला आणि सुमारे ३० मीटर उंच, म्हणजे जवळजवळ दहा मजली इमारतीएवढा. समोर २७३ मीटर लांब आणि २२९ मीटर रुंद असा प्रचंड तलाव आहे. त्याला एक फेरी मारली की एक किलोमीटर चालणं होतं! तलावाच्या मधोमध अष्टकोनी बारादरी आहे. काठापासून तिथे जायला कमानींवर बांधलेली वाट आहे. तलावात पाणी आणण्याची खास व्यवस्था जमिनीखालून केलेली होती.

आता नीट लक्ष द्या. तलावाच्या चारही बाजूंना मधोमध विटांचे उतार बांधले आहेत. कशासाठी? जनावरांना पाण्यापर्यंत सहज उतरता यावं म्हणून. ही भूतदया वाटते ना? पण ही शिकारगाह होती, हे विसरू नका. जिथे पाणी, तिथे जनावर आणि जिथे जनावर, तिथे शिकारी!

जहांगीरने आपल्या शिकारीचा हिशेबही लिहून ठेवला आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत त्याने स्वतः १७,१६७ पशुपक्षी मारले. दिवसाला सरासरी किती झाले, ते वहीत गणित मांडून पाहा. उत्तर एकापेक्षा जास्तच येईल. पुढे नातू शुजा आजारी पडला, तेव्हा 'स्वतःच्या हाताने कोणत्याही जिवाला मारणार नाही', असा नवस त्याने केला.

मग हा बादशहा दयाळू म्हणायचा की निर्दय? मनसराजला नाव होतं, लळा होता, म्हणून त्याच्यासाठी मनोरा उभा राहिला. ज्यांना नाव नव्हतं, त्या हजारोंचा नुसता आकडा उरला. आज रात्री जेवताना हा प्रश्न आई-बाबांना जरूर विचारा. आणि हो, त्यांनी उत्तर देण्याआधी स्वतःचं उत्तर ठरवून ठेवा!