सरकारी पैसा खर्च झाला. उतारा किती पडला?



हंगाम संपला की आपण नुसते गाळप विचारून थांबत नाही, उतारा किती पडला हेही विचारतो. एक लाख टन उसाला १० टक्के उतारा पडला तर एक लाख क्विंटल साखर, ११ टक्के पडला तर एक लाख दहा हजार. ऊस तेवढाच, पण पदरात पडले वेगळे. देशाच्या खर्चाला हाच प्रश्न विचारण्याच्या पद्धतीला कार्यक्रम अंदाजपत्रक म्हणतात.

जुन्या पद्धतीत पगार, प्रवासभत्ता, बांधकाम अशा बाबींवर किती रुपये ठेवले एवढेच दिसे. मंजूर पैसा नियमात खर्च झाला की हिशेब पुरा! अमेरिकेत १९४९ साली हूवर आयोगाने ही रीत बदला म्हणून शिफारस केली. आपल्याकडे प्रशासकीय सुधारणा आयोगाने हा विषय लावून धरला आणि १९६८-६९ पासून केंद्राच्या काही खात्यांत कार्यक्रम अंदाजपत्रके सुरू झाली. त्यापुढची पायरी म्हणजे फलनिष्पत्ती अर्थसंकल्प. तो २५ ऑगस्ट २००५ रोजी प्रथम संसदेपुढे आला.

यातला फरक पाटावरून ध्यानात येईल. पाटासाठी दिलेले रुपये ही तरतूद. खोदलेले किलोमीटर हे झालेले काम. आणि टेलच्या शेतकऱ्याच्या वावरात पाणी पोचले का, ही फलनिष्पत्ती. पाट पुरा झाला पण चाऱ्याच काढल्या नाहीत, तर कागदावर काम शंभर टक्के अन् टेलला पीक वाळलेले, असेही होते.

मात्र आकड्यांनाही खोडी असते. शाळेच्या खोल्या मोजणे सोपे. पोराला वाचता येते का, हे मोजणे अवघड. मग सोपे तेवढेच मोजले जाते. उद्दिष्टच कमी धरले, तर ते गाठल्याची शाबासकी फुकट मिळते. उलट पाऊसच पडला नाही, तर सगळा दोष खात्याच्या माथी मारूनही चालत नाही.

म्हणून एखाद्या योजनेला इतके कोटी मंजूर झाले असे ऐकले, की तेवढ्यावर खूश होऊ नये. काम किती ठरले होते, किती झाले आणि आपल्या गावाला त्याचा काय उपयोग झाला, हे तीन प्रश्न ग्रामसभेत जरूर विचारावेत. कर आपणच भरतो, तेव्हा उताराही आपणच विचारला पाहिजे.