चित्र दोघांचं, पण शाई कुणाची?

‘पीएचडी कशात करतेस?’ असं कुणी विचारलं की मी ‘चित्रकलेच्या इतिहासात’ एवढं सांगून सुटते. खरा विषय जरा विचित्र आहे. नवरा-बायकोनं मिळून एकच चित्र काढलं, तर त्यात कुणाचं काय, हे कसं ओळखायचं? त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: महाड एमआयडीसीत वाढलेली मुलगी जपानी जोडप्याच्या मागे कशी लागली? आज दोन्ही उत्तरं एकदमच देऊन टाकते.

जोडप्याचं नाव मारुकी. इरी (१९०१–१९९५) हिरोशिमाकडचे, शाई आणि पाण्यानं काम करणारे. तोशी (१९१२–२०००) होक्काइदोची, तैलचित्रं शिकलेली, माणसाचं शरीर हाडा-स्नायूंसकट अचूक काढणारी. म्हणजे अक्षरशः तेल आणि पाणी! १९४१ मध्ये लग्न झालं. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर बॉम्ब पडला. इरींचे घरचे लोक तिथे होते. ते तीन दिवसांनी तिथे पोचले, मागोमाग तोशीही गेली. जे पाहिलं ते कागदावर यायला पाच वर्षं लागली. पहिलं चित्र, ‘भुतं’, १९५० चं. पंधरावं १९८२ चं. प्रत्येक सुमारे १.८ मीटर उंच आणि ७.२ मीटर लांब.

त्या वेळी जपानवर अमेरिकी सैन्याचा ताबा होता आणि बॉम्बबद्दल छापण्यावर सेन्सॉर होता. होरपळलेल्या माणसांचे फोटो मासिकात मोठ्या प्रमाणावर आले ते १९५२ मध्ये. त्याआधी ही चित्रं गुंडाळून गावोगाव नेली जात होती. हिरोशिमात काय झालं, हे अनेकांनी पहिल्यांदा या प्रदर्शनांतच पाहिलं.

आता मुद्द्यावर येऊ. कागद जमिनीवर अंथरलेला. तोशी माणसं काढते, बोटं, बरगड्या, चेहरे. मग इरी येतात आणि त्यावर पातळ काळी शाई ओततात. तिनं इतक्या निगुतीनं काढलेली माणसं धुरात बुडाल्यासारखी होतात. मग ती पुन्हा रेघ काढते. पुन्हा शाई. याला ‘एकमेकांना पूरक’ वगैरे म्हणतात, पण मला तो शब्द फार गोड वाटतो. तिची माणसं नुसती राहिली असती तर ती शरीरशास्त्राचा धडा वाटली असती आणि त्यांची शाई नुसती राहिली असती तर सुंदर ढग. दोघांनी एकमेकांचं काम थोडं थोडं बिघडवलं, म्हणून ते चित्र झालं.

हे सिद्ध कसं करायचं? एक साधी खूण आहे. रेघ शाईखाली असेल तर मंद, पडद्याआडून दिसल्यासारखी दिसते. शाईवर असेल तर धारदार. त्यावरून आधी काय आणि नंतर काय, हे कळतं. पण कुणाचं, हे कळत नाही. तोशीनं शाई कधी ओतलीच नसेल का? इरींनी रेघ मारली नसेल? चित्र इथे गप्प बसतं. म्हणून माझ्यासाठी माहितीपट हा पुरावा आहे. जॉन जंकरमन यांचा १९८६ चा ‘हेलफायर’ (त्याला ऑस्करचं नामांकन होतं) आणि त्याआधी त्सुचिमोतो नोरिआकी यांचा १९८१ चा, ‘मिनामाता’ या चित्रावरचा. प्रदर्शनात चित्र बघा, पण शेजारच्या खोलीत फिल्म लागली असेल तर ती चुकवू नका.

‘मिनामाता’ हे १९८० चं चित्र, सुमारे १४.९ मीटर लांब. आपल्या लाल परीपेक्षाही लांब! दिवाळीत घरी आले होते तेव्हा त्याची फिल्म टीव्हीला जोडून आई-बाबांना दाखवली. बाबा इथल्या एका केमिकल प्लांटमध्ये ऑपरेटर होते. मी गोष्ट सांगितली: मिनामातात चिस्सो कंपनी ॲसिटाल्डिहाइड बनवायची, त्यात पारा कॅटॅलिस्ट होता. बाबांनी मध्येच अडवलं.

“कॅटॅलिस्ट संपत नाही ना? मग पारा बाहेर गेला कसा?”

प्रश्न चोख होता. रिॲक्टरमध्येच थोड्या पाऱ्याचा मिथाइल मर्क्युरी होत होता आणि तो सांडपाण्यातून खाडीत जात होता. तिथून मासे, शिंपले, मग माणसं. आईच्या पोटातली बाळंसुद्धा.

“आणि ईटीपी?”

१९५९ च्या डिसेंबरात गाजावाजा करून शुद्धीकरण यंत्रणा बसवली होती, पण विरघळलेला सेंद्रिय पारा काढण्यासाठी ती बनवलेलीच नव्हती. रोगाची अधिकृत नोंद १९५६ ची, सरकारनं कारण मान्य केलं १९६८ मध्ये. बाबा यावर काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळानं फक्त म्हणाले, “पाणी दिसायला स्वच्छच असेल.”

नेमकी हीच मारुकींची अडचण होती. हिरोशिमात आग होती, राख होती. मिनामाताचा समुद्र निळाच. जे दिसत नाही ते कसं काढणार? मग त्यांनी ते शरीरांतून काढलं, आखडलेल्या, एकमेकांत गुंतलेल्या. इथे इरींची शाई मला धुरासारखी वाटत नाही, पाण्यासारखी वाटते. (गाइड म्हणतात, हे ‘वाटणं’ प्रबंधात चालणार नाही. खरंय. म्हणून ब्लॉगवर लिहितेय.)

आईचा प्रश्न वेगळाच होता. “पहिलं नाव कुणाचं लागतं?”

इरींचं. सुरुवातीला तोशी माहेरच्या नावानं, आकामात्सु तोशिको म्हणून, सही करायची. पुढे मारुकी तोशी झाली. संग्रहालयही दोघांच्या नावानं ओळखलं जातं, १९६७ पासून, सायतामा प्रांतात. आई म्हणाली, सातबाऱ्यावर बायकोचं नाव लागलं तरी खालीच लागतं. मी म्हटलं, इथे निदान लागलं तरी.

तिला ते पटलं नाही. फिल्म थोडी मागे घ्यायला लावली आणि तोशी रेघ काढते तो भाग पुन्हा बघितला. दुसऱ्यांदा बघताना तिनं एक गोष्ट दाखवली, जी माझ्या वहीत नव्हती: शाई ओतून झाल्यावर ती लगेच कागदाला हात लावत नाही. बसून राहते, वाळेपर्यंत. आता सगळं फुटेज पुन्हा, या वेळी घड्याळ लावून, बघायला घेतलंय.