तोफेचा बार शत्रूवर जायच्या आधी तोफेलाच का फोडायचा?

28 फेब्रुवारी 1844. अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीत ‘प्रिन्स्टन’ ही नवी युद्धनौका पाहुण्यांना घेऊन फिरत होती. तिच्यावरच्या अजस्र तोफेचं नाव ‘पीसमेकर’, म्हणजे शांतिदूत! बार उडाला आणि तोफच फुटली. परराष्ट्रमंत्री एबेल अपशर, नौदलमंत्री थॉमस गिल्मर यांच्यासह सहा जण ठार झाले. त्यात राष्ट्राध्यक्ष जॉन टायलर यांचा आर्मिस्टेड नावाचा गुलाम सेवकही होता. टायलर स्वतः खालच्या मजल्यावर होते म्हणून वाचले.

तोफेचं लोखंड सदोष होतं, हे खरं. पण बार उडताना त्या लोखंडावर किती ताण येतो, हेच तेव्हा नीट मोजता येत नव्हतं.

आत घडतं काय? दारू पेटली की क्षणार्धात तिचा गरम वायू होतो. कुकरला निदान शिट्टी असते, इथे वाट एकच: समोरचा जड गोळा. तो हलायला वेळ घेतो, तोवर दाब भराभर चढतो. गोळा नळीत थोडासा सरकतो न सरकतो तोच दाब सर्वात जास्त असतो. पुढे मागची जागा वाढते आणि दाब उतरतो. म्हणूनच तोफा बुडाशी जाड आणि तोंडाकडे निमुळत्या असतात.

अमेरिकी लष्करातल्या थॉमस रॉडमन यांनी हा दाब मोजायची साधी युक्ती काढली. नळीला भोक पाडून त्यात दट्ट्या बसवला. दाबाने दट्ट्याचं पातं तांब्यात रुतायचं. खूण जितकी मोठी, तितका दाब जास्त. त्यातून दिसलं की दारू किती यापेक्षा ती किती वेगाने जळते, यावर सारा खेळ आहे. चुलीत ढलप्या भडकतात, ओंडका सावकाश जळतो, तसंच. मोठ्या दाण्यांची दारू तोफेला कमी ताण देते.

पण साधा दाणा जळताना लहान होत जातो आणि वायूही कमी पडतो. रॉडमन यांनी दाण्यांना आरपार भोकं पाडली! दाणा बाहेरून झिजतो, तशी आतली भोकं रुंदावतात. त्यामुळे जळणारा पृष्ठभाग टिकून राहतो आणि गोळा पुढे पळत असतानाही त्याला मागून रेटा मिळतो.

या उशिराच्या रेट्याचा फायदा घ्यायला नळी लांब हवी. पुण्याच्या एआरडीईने विकसित केलेल्या अटॅग्स तोफेची नळी सुमारे 8 मीटर आहे. आज काळ्या दारूची जागा बिनधुराच्या दारूने घेतली आहे, पण तोफांच्या दारूच्या अनेक दाण्यांना भोकं अजूनही असतात.